दुग्नाद: इर्जिक की वेठ?

एप्रिल संपत आला की ओस्लोतल्या आमच्या इमारतीत, जिन्याजवळच्या टपालपेट्यांच्या वर, एक कागद चिकटवलेला दिसतो. तारीख, वेळ आणि ठळक अक्षरांत एकच शब्द: दुग्नाद. खाली कामांची यादी आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहायला रिकामी रेघ. हिवाळ्यात बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून वाटेवर बारीक खडी पसरलेली असते, ती आता झाडून गोळा करायची. पानगळीतली कुजकी पानं दाताळ्याने ओढायची. बाकांना रंग द्यायचा. तळघरातल्या सायकलींत बेवारस कुठल्या ते शोधायचं. यादीच्या अगदी तळाशी लिहिलेलं असतं: कॉफी.

पहिल्या वर्षी तो कागद वाचून माझ्या मनात आलं, सोसायटी एवढा मेंटेनन्स घेते, मग झाडायला माणूस का लावत नाही? मी गेलो नाही. खिडकीतून मात्र पाहत होतो. वरच्या मजल्यावरचा हाडांचा डॉक्टर गुडघे टेकून फरशीच्या फटींतलं गवत उपटत होता आणि एक शाळकरी मुलगी त्याला ते मुळासकट कसं काढायचं हे शिकवत होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. वय ऐंशीच्या पुढचं. "काल दिसला नाहीस. बरा आहेस ना?" टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. टोमणा नव्हता. माणूस धडधाकट असूनही दुग्नाद चुकवतो, ही शक्यताच त्यांच्या डोक्यात आलेली नव्हती.

तेव्हापासून मी एकही दुग्नाद चुकवलेला नाही. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, हा शब्द इथले मंत्री आणि कमिट्या ज्या सैल हाताने वापरतात त्याचा मला राग येतो. तो राग कशाचा हे सांगायचं तर आधी शब्दाचं कूळ सांगायला हवं.

नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीवर, एनआरकेवर, २००४ साली एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी 'दुग्नाद' हा देशाचा राष्ट्रीय शब्द म्हणून निवडला. शेजाऱ्यांनी किंवा एखाद्या मंडळाच्या सभासदांनी एकत्र जमून, मजुरी न घेता, ठरलेल्या वेळात एखादं काम उरकायचं आणि मग एकत्र खायचं-प्यायचं, असा त्याचा अर्थ. यातला खाण्यापिण्याचा भाग शोभेचा नाही. सॉसेज, वाफल, बन आणि कॉफी यांच्याशिवाय जे होतं त्याला इथे कुणी दुग्नाद म्हणणार नाही.

जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियाच्या मध्ययुगीन भाषेत, 'दुग्नाद्र' म्हणजे मदत, आधार. त्याच्या मुळाशी 'दुगा' हे क्रियापद: उपयोगी पडणे, कामी येणे, पुरेसं ठरणे. जुन्या शेतकरी नॉर्वेत हे कामी येणं म्हणजे नेमकं काय होतं, हे छपरावरून कळतं. तिथल्या घरांवर आधी बर्च झाडाच्या सालीचे थर अंथरायचे आणि वर गवतासकट कापलेल्या मातीच्या लाद्या बसवायच्या. साल पाणी अडवते, मातीचं वजन सालीला जागेवर धरून ठेवतं. पण साल उन्हात उघडी राहिली की कडेने गुंडाळायला लागते. म्हणजे एकाने साल अंथरायची, दुसऱ्याने लगोलग माती चढवायची, तिसऱ्याने खालून लाद्या कापून द्यायच्या, आणि हे सगळं झपाट्याने. एका कुटुंबाच्या हातांना हे झेपणारं नव्हतं. आजूबाजूच्या घरांतली माणसं येत, संध्याकाळी यजमान जेवण आणि घरची बिअर देई, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाच्या तरी छपराची पाळी असे.

आपल्याकडे खेड्यात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. एकाची नांगरट अडली की गावातली आउतं त्याच्या शेतात उतरतात, मजुरी कुणी मागत नाही, शेतधन्याने जेवू घालायचं: इर्जिक. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या: सावड. सावडीत हिशोब जरा काटेकोर असतो, इर्जिकीत सैल. दुग्नादला मराठी प्रतिशब्द द्यायची वेळ आली तर 'श्रमदान' हा तयार शब्द मी बाजूला ठेवीन. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. इर्जिकीत आणि दुग्नादमध्ये आजचा घेणारा उद्याचा देणारा असतो, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं.

गंमत म्हणजे शेजारच्या देशांत काम तेच आहे, शब्द मात्र नाही. स्वीडनमधल्या इमारतींतही वसंतात लोक दाताळी घेऊन खाली उतरतात, पण त्याला 'सफाईचा दिवस' असं रोखठोक नाव आहे. डॅनिश लोक 'कामाचा दिवस' म्हणून मोकळे होतात. फिनलंडमध्ये 'ताल्कोओत' असा वेगळाच शब्द आहे. नॉर्वे १८१४ पर्यंत काही शतकं डेन्मार्कला जोडलेलं होतं, लिखापढी डॅनिशमध्ये चालायची. 'दुग्नाद' तेवढा काळ बोलींमध्ये जगला. आइसलंडमध्ये शब्द शाबूत राहिला, पण अर्थ सरकला. तिथे 'दुग्नादुर' म्हणजे कष्टाळूपणा, आणि पोराने ताटलीतलं संपवलं की त्याला 'दुग्लेगुर!' म्हणतात, आपण 'शहाणं बाळ माझं' म्हणतो तसं.

मूळ क्रियापदाचा संसार मात्र सगळ्या स्कॅन्डिनेव्हियात पसरला आहे. स्वीडिश माणूस 'देत दुगेर' म्हणाला की त्याचा अर्थ आपलं 'चालेल'. डॅनिशमध्ये 'दुएर इके' म्हणजे 'कामाचा नाही', माणसासाठीही आणि वस्तूसाठीही. छोटी होडी चालवण्यासाठी डेन्मार्कमध्ये जी परीक्षा देतात, तिच्या नावातही हाच धातू आहे: लायकीची परीक्षा. स्वीडिश 'दुक्तिग', म्हणजे हुशार, तरबेज, गुणाचा, हा शब्द उत्तर जर्मनीतल्या हान्सा या व्यापारी संघाच्या लो जर्मन भाषेतून आला, पण तोही याच कुळातला. 'दुक्तिग फ्लिका', गुणी मुलगी, ही स्वीडनमध्ये आता शाबासकी राहिलेली नाही. सगळ्यांच्या अपेक्षा पुऱ्या करता करता कोसळणाऱ्या तरुणींबद्दल बोलताना हा शब्दप्रयोग होतो. सद्गुणाला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे तोही याच मुळातून उगवलेला. उपयोगी पडणं हाच सद्गुण, असा या लोकांचा जुना हिशोब दिसतो.

म्हणजे एका धातूच्या पोटात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक, मी तुझ्या उपयोगी पडतो. दोन, मी उपयोगाचा आहे की नाही हे कुणीतरी ठरवतो. पहिल्या अर्थाला आपण इर्जिकीच्या जेवणाला बसवतो. दुसऱ्या अर्थाशी सांभाळून वागावं लागतं, आणि तो अर्थ कुणाच्या तोंडी आहे यावर बरंच काही अवलंबून असतं.

दोन जुने दाखले देतो. तेराव्या शतकात आइसलंडमध्ये लिहून ठेवलेल्या 'हावामाल' या सुभाषितवजा काव्यात एक कडवं आहे. लंगडा घोड्यावर बसू शकतो, हात गमावलेला गुरं वळू शकतो, बहिरा लढतो आणि 'दुगिर', कामी येतो. आंधळं असणंसुद्धा चितेवर असण्यापेक्षा बरं, प्रेताचा कुणालाच उपयोग नाही. (आपल्या बखरींत लढाईत 'कामी आला' म्हणजे मेला. इथे मेलेला तेवढा कामी येत नाही. एकच कल्पना, दोन टोकं.) त्याच काव्यात पुढे म्हटलं आहे की कसलंच वैगुण्य नसलेला भला माणूस नसतो, तसा कशाच्याच उपयोगी न पडणारा वाईट माणूसही नसतो. तिथेही हेच क्रियापद. ही मोजपट्टी उदार आहे. ती माणसासमोर धरून कामाची जागा शोधून देते.

दुसरा दाखला डेन्मार्कचा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या एका कथेचं नावच आहे 'ती कामाची नव्हती', आणि मूळ नावात 'दुए' हे आपलंच क्रियापद बसलेलं आहे. एक धोबीण नदीच्या गारठलेल्या पाण्यात उभी राहून कपडे धुते, ऊब यावी म्हणून दारूचे घोट घेते. गावचा दंडाधिकारी तिच्या पोराला खिडकीतून हाक मारून सांगतो, तुझी आई कामाची नाही. अखेर धोबीण मरते, तेव्हा तिची एक म्हातारी, लंगडी मैत्रीण पोराला सांगते की ती कामाची होती. अँडरसनची स्वतःची आईही धोबीण होती, तेव्हा हे वाक्य त्याने कुठे ऐकलं असेल याचा फार शोध घ्यावा लागत नाही. माझं लक्ष मात्र बोलणाऱ्यांकडे जातं. तोच शब्द अधिकाऱ्याच्या तोंडी शिक्षा होतो. लंगड्या शेजारणीच्या तोंडी तो कैवार होतो. तिने त्या बाईला पाण्यात उभं राहिलेलं पाहिलेलं असतं, अधिकाऱ्याने फक्त बाटली पाहिलेली असते.

आता आजच्या नॉर्वेकडे येतो. इथल्या राजकारण्यांना 'दुग्नाद' या शब्दाची चटक लागली आहे. कुठलीही योजना असो, तिच्या शेपटीला दुग्नाद लावला की ती घरगुती वाटते. २०१८ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांच्या सरकारने 'समावेशाचा दुग्नाद' सुरू केला. सरकारी खात्यांतल्या नव्या भरतीत किमान ५ टक्के माणसं अशी असावीत, की ज्यांना अपंगत्व आहे किंवा ज्यांच्या नोकरीच्या इतिहासात मोठा खंड पडला आहे, असं उद्दिष्ट ठरलं. उद्दिष्टाला माझा विरोध नाही, उलट ५ टक्के हा आकडा मला भित्रा वाटतो. विरोध आहे तो नावाला. छपराच्या दुग्नादमध्ये पाळी फिरत असते, आज तुझं छप्पर, उद्या माझं. इथे चाकाच्या खुर्चीतला उमेदवार कायमचा छप्पर झाला आणि बाकीचे कायमचे मदतीला आलेले शेजारी. ज्याला हक्काने नोकरी मिळायला हवी, त्याच्यावर शेजारधर्म केल्याचा आव आणला गेला. 'हावामाल'मधला बहिरा लढतो. त्याला लढू देण्यासाठी कुणी मोहीम काढलेली नसते.

पण खरा कस लागला तो करोनात. १२ मार्च २०२० ला सोल्बर्ग यांनी शाळा, पाळणाघरं, महाविद्यालयं बंद केल्याचं जाहीर केलं. शांततेच्या काळातले सर्वांत कडक निर्बंध, असं त्याचं वर्णन सरकारनेच केलं. साथीचा वेग रोखण्यासाठी देशातल्या प्रत्येकाने दुग्नादमध्ये उतरावं, असं आवाहन झालं. काही दिवसांत दंडाचे आकडे आले. विलगीकरण मोडलं तर २०,००० क्रोनर (क्रोनर हे नॉर्वेचं चलन), नाही तर पंधरा दिवस तुरुंग. आपल्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या सुट्टीच्या घरात रात्र काढली तर १५,००० क्रोनर, नाही तर दहा दिवस. त्या वेळी आमच्या ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीत एक सहकारी म्हणाला होता, "माझ्या आयुष्यात तुरुंगाची सोय असलेला हा पहिलाच दुग्नाद." सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य घशात अडकून राहिलं.

निर्बंध चुकीचे होते असं मी म्हणत नाही. नॉर्वेत मृत्यूचं प्रमाण युरोपातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी राहिलं, आणि लोकांनी एकमेकांवर आणि सरकारवर टाकलेला विश्वास हे त्याचं एक कारण असणार. 'दुग्नाद' या शब्दाने तो विश्वास जागा केला, हा सरकारच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे, आणि तो मी मान्यही करतो. शब्दाने काम केलं. माझा प्रश्न त्या कामाची किंमत कुठल्या खात्यातून गेली हा आहे. दंड आणि तुरुंग असलेल्या गोष्टीला कायदा म्हणतात. कायद्याला कलम असतं, मुदत असते, अपील असतं, आणि त्याच्यावर टीका केली तर माणूस फक्त कायद्याचा टीकाकार ठरतो. दुग्नादवर टीका करणारा मात्र वाईट शेजारी ठरतो. त्या दिवसांत निर्बंधांच्या कायदेशीर पायाबद्दल प्रश्न विचारणाऱ्या वकिलांकडे लोक जिन्यात खडी न झाडणाऱ्या माणसासारखं पाहायला लागले होते. सरकारने आदेश दिला आणि अंगावर शेजाऱ्याचा स्वेटर चढवला.

त्याचा फटका कुणाला बसला तेही पाहा. पहिल्या लाटेत सोमालियात जन्मलेल्या लोकांमध्ये लागण लोकसंख्येच्या मानाने बरीच जास्त आढळली. बस आणि टॅक्सी चालवणं, इस्पितळाची फरशी पुसणं ही कामं घरी बसून होत नाहीत, आणि छोट्या घरात सहा-सात माणसं असली की वेगळी खोली कुठून आणायची? पण मी माझ्या कानांनी ऐकलेली चर्चा वेगळी होती: 'त्यांना दुग्नाद म्हणजे काय ते कळत नाही.' अँडरसनच्या दंडाधिकाऱ्याचं वाक्य दीडशे वर्षांनी ओस्लोत सभ्य आवाजात ऐकू आलं.

आणि मग वाढदिवसाचं प्रकरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये यायलो या पर्यटनस्थळी सोल्बर्ग यांच्या साठीनिमित्त कुटुंब जमलं, आणि तेव्हाची दहा माणसांची मर्यादा ओलांडली गेली. एप्रिलमध्ये पोलिसांनी पंतप्रधानांना २०,००० क्रोनरचा दंड केला. त्यांनी माफी मागितली, दंड मान्य केला. देशाच्या पंतप्रधानाला पोलीस दंड करतात याचं जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्या प्रसंगाने वेगळंच दाखवलं. दुग्नादला आलो नाही, तर पोलीस पावती फाडत नाहीत. त्या दिवशी सरकारच्याच पोलिसांनी सिद्ध केलं की गेलं वर्षभर चाललं होतं ते दुग्नाद नव्हतंच.

मराठी माणसाने यात नाक खुपसायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण इर्जिक हा शब्द जसा आपल्याकडे आहे, तसाच 'वेठ' हाही आहे. गावाचं काम म्हणून, परंपरेचा मान म्हणून, महारकीच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या माणसांना राबवलं गेलं. सांगावे पोहोचवणं, मेलेली गुरं ओढणं, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणं. त्यालाही 'गावकी' असं आपुलकीचं नाव होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागणारं विधेयक मांडलं, आणि ही कनिष्ठ ग्रामवतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. गावासाठी केलेलं काम आणि गावाने करून घेतलेलं काम यांच्यात शब्दांची सरमिसळ झाली की काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

नॉर्वेलाही त्याचा जुना अनुभव आहे, फक्त तो आठवायची सवय गेली. मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या कडेला झोपडी बांधून राहणारे 'हुसमान' असत. मालकाने बोलावलं की हातातलं टाकून त्याच्या शेतावर जायचं, या अटीवर त्यांना तो जमिनीचा तुकडा मिळायचा. त्या कामाला 'प्लिक्तआर्बाइद' म्हणत, कर्तव्याचं काम. त्याच गावात, त्याच हंगामात, दुग्नादही चालायचा. पण दोन्हींना वेगळे शब्द होते आणि कुठला दिवस कुठल्या कामाचा हे हुसमानाच्या बायकोला नेमकं माहीत असायचं. हा फरक शब्दात जपलेला होता. तो पुसून टाकायचं काम एकविसाव्या शतकातल्या सुशिक्षित सरकारांनी केलं.

मग काम टाळणाऱ्या फुकट्यांचं काय करायचं? हा प्रश्न मंत्र्यांइतकाच आमच्या सोसायटीच्या कमिटीलाही पडतो. बारा घरांतली सात घरं येतात, उरलेली पाच खिडकीतून पाहतात (मी पाहिलं होतं तसं), आणि साफ झालेल्या अंगणात सगळ्यांची मुलं खेळतात. सातांना राग येणं साहजिक आहे. इथल्या गृहसंस्थांना मिळणारा सर्वसाधारण कायदेशीर सल्ला असा, की दुग्नादला येण्याची सक्ती करता येत नाही. फार तर येणाऱ्याला थोडा मोबदला द्यावा. तरी कित्येक ठिकाणी दंडाची ओळ कागदावर लिहिलेली असतेच.

मुलांच्या खेळांचे क्लब तर याच्या पुढे गेले आहेत. स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च काढायला पालकांनी स्पर्धेच्या दिवशी वाफल विकायचे, गाड्या लावून द्यायच्या आणि टॉयलेट पेपरचे गठ्ठे घरोघरी खपवायचे. हो, टॉयलेट पेपर. नॉर्वेतल्या बालफुटबॉलचा आणि शाळेच्या बँडचा गाडा बराचसा या कागदावर चालतो, आणि आमच्या तळघरात एके काळी एवढे गठ्ठे साचले होते की मी दोन वर्षं तो विकत घेतला नाही. हे सगळं मला आवडतं. आवडत नाही ती काही क्लबांची सोय: ठरावीक रक्कम भरा आणि दुग्नादमधून सुटका करून घ्या. दोघंही चांगल्या पगाराचे आई-बाप पैसे भरून शनिवार मोकळा करतात. रात्रपाळी करणारी एकटी आई पैसेही भरू शकत नाही आणि वाफलच्या टेबलावर उभीही राहू शकत नाही. ती मुलाचं नावच काढून घेते. पैसे भरणाऱ्यावर कुणाचा राग उरत नाही, कारण त्याने फेडलं. जी खरोखर येऊ शकली नाही, तिच्यावर राग राहतो.

जुन्या दुग्नादमध्ये फुकट्याला शिक्षा नव्हती असं समजू नका. होती, आणि चांगली कडक होती. जो कुणाच्याच छपरावर चढला नाही, त्याच्या छपराच्या वेळी कुणी आलं नाही. पण ती शिक्षा नात्याच्या आतली होती आणि तिच्यातून परत यायची वाट होती. पुढच्या दुग्नादला फावडं घेऊन यायचं, बस. मला आजींनी 'बरा आहेस ना?' विचारलं, ती माझी शिक्षा होती आणि परत यायचं आमंत्रणही होतं. पाचशे क्रोनरची पावती मिळाली असती, तर मी ती भरली असती आणि आजतागायत त्या डॉक्टरचं नावही मला कळलं नसतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारला सक्ती करायची असेल तर खुशाल करावी, कायदा म्हणून करावी, आणि कायद्याच्या नावाने शिव्या खाव्यात. अपंगांना नोकरी द्यायची असेल तर हक्क म्हणून द्यावी. गृहसंस्थेला अंगण साफ ठेवायला पैसे हवे असतील तर मेंटेनन्स वाढवावा आणि माणूस लावावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बोलावणाऱ्याच्या स्वतःच्या हातात दाताळं नसेल, न येणाऱ्यासाठी पावतीपुस्तक तयार असेल, किंवा एकाच माणसाला कायमचं छप्पर करून ठेवलेलं असेल, तर तिथे हा शब्द वापरू नये. 'दुगा' या धातूत 'तू कामाचा आहेस का?' हा प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न शेजाऱ्याने, झाडू हातात घेऊन विचारला तर त्याचं उत्तर देता येतं. शिक्का हातात घेतलेल्या माणसाने विचारला तर नुसती हजेरी लागते.

यंदाचा कागद गेल्या आठवड्यात लागला. कमिटीतले काही जण नवे आहेत, उत्साही आहेत, त्यांनी कागद संगणकावर नीट चौकटी आखून केला आहे. दोन बदल दिसले. न येणाऱ्या घरामागे पाचशे क्रोनर, अशी ओळ खाली आली आहे. आणि कामांच्या यादीतून कॉफी गेली आहे. कॉफी आणि बन बाहेरून मागवणार, कुणाला त्रास नको. वार्षिक सभेत दंडाच्या ओळीविरुद्ध मी बोलणार आहे, तशी लेखी सूचनाही दिली आहे. कायद्याचा मुद्दा काढीन, तो चालतो.

कागद वाचत होतो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमधून बाहेर आल्या. आता त्या चाकाच्या आधारकाठीशिवाय चालत नाहीत. गेली कित्येक वर्षं दुग्नादची कॉफी त्याच करत आल्या आहेत, खाली खुर्ची टाकून बसतात आणि कुणी किती साखर घेतं ते त्यांना पाठ आहे. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. "मग मी कशापुढे नाव लिहू?" म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी पर्समधून पेन काढलं, छापलेल्या चौकटीच्या खाली थरथरत्या हाताने एक रेघ ओढली, तिच्यासमोर 'कॉफी' लिहिलं आणि त्याच्यापुढे आपलं नाव.